संन्याशाला सुळी : संघ हरतो तेव्हा दोष कोणाचा?

२२ ऑगस्ट २०१९ रोजी भारतीय क्रिकेट संघाच्या साहाय्यक प्रशिक्षकांबाबतचा निर्णय जाहीर झाला. गोलंदाजीचे प्रशिक्षक भरत अरुण कायम राहिले. क्षेत्ररक्षणाचे आर. श्रीधर कायम राहिले. मुख्य प्रशिक्षक रवी शास्त्री यांची फेरनियुक्ती त्याआधी सहा दिवस झालीच होती. चौघांपैकी गेले ते एकच, फलंदाजीचे प्रशिक्षक संजय बांगर. त्यांच्या जागी विक्रम राठोड आले.

सहा आठवड्यांपूर्वी, १० जुलै रोजी, मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर भारत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात न्यूझीलंडकडून १८ धावांनी हरला होता. साखळीत गुणतक्त्यात पहिला आलेला संघ बाहेर पडला. लोकांना कारण हवे होते आणि कारणापेक्षा माणूस सापडणे नेहमी सोपे असते. फलंदाज अपयशी ठरले, म्हणून फलंदाजीचा प्रशिक्षक जबाबदार, असा सरळ हिशेब मांडला गेला.

बांगर यांचा जन्म बीडचा, म्हणजे आमच्या अहिल्यानगर जिल्ह्याला लागून असलेल्या जिल्ह्यातला. पण शेजारच्या माणसाची वकिली करण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. माझ्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. संघ हरल्यावर एका साहाय्यकाला दोषी धरायचे असेल, तर तो दोष ठरवायचा कसा? त्यासाठी काही रीत आहे का? की आपण ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ ही म्हण फक्त दुसऱ्यांसाठी राखून ठेवली आहे?

अमेरिकेतला सख्खा भाऊ

या पदाचा अमेरिकेत एक सख्खा भाऊ आहे. तिकडच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन खेळल्या जाणाऱ्या खेळात, आक्रमण करणारे अकरा आणि बचाव करणारे अकरा हे वेगळे खेळाडू असतात. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे असते. प्रत्येक प्रयत्न म्हणजे आधी आखलेली एक चाल. या चाली आखणारा, आणि बहुतेक संघांत सामना चालू असताना त्यांतली कोणती खेळायची हे सांगणारा, जो साहाय्यक असतो त्याला ‘ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर’ म्हणतात. आपण त्याला आक्रमण-प्रशिक्षक म्हणू. मैदानावरून ठरलेली चाल थेट मुख्य खेळाडूच्या शिरस्त्राणातल्या यंत्रात बोलली जाते.

संघाचे गुण आटले की तिकडच्या प्रेक्षकांचा पहिला बोट याच माणसाकडे वळतो. मुख्य प्रशिक्षकाचा करार मोठा असतो, खेळाडूंचे तर त्याहून मोठे. मालकाला कोणी काढू शकत नाही. उरतो हा मधला माणूस.

आपला फलंदाजी प्रशिक्षक त्याच जागी बसलेला असला तरी दोघांच्या हातात मोठा फरक आहे, आणि तो आधी ध्यानात घ्यायला हवा. अमेरिकेतला आक्रमण-प्रशिक्षक प्रत्येक चाल स्वतः सांगू शकतो. चाल चुकीची निवडली तर ती चूक त्याच्या नावावर लिहिता येते. क्रिकेटमध्ये चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटल्यावर फलंदाजाकडे अर्धा सेकंदही नसतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात सीमारेषेबाहेर बसलेल्या माणसाचे काही चालत नाही. त्याचे काम त्याआधी संपलेले असते : नेटमधला सराव, फलंदाजाच्या उभे राहण्यातला दोष, समोरच्या गोलंदाजाचा अभ्यास आणि संघाच्या बैठकीतले एक मत. दोष काढायचा तर या चार गोष्टींतच शोधावा लागेल.

त्या डावात त्यांच्या हातात काय होते?

आता तो डाव उलगडून पाहू. न्यूझीलंडच्या ८ बाद २३९ धावा झाल्या होत्या. पावसामुळे सामना दुसऱ्या दिवशी गेला होता. रोहित शर्मा १, के. एल. राहुल १, विराट कोहली १, आणि धावफलक ३ बाद ५. दिनेश कार्तिक ६ धावांवर गेला तेव्हा ४ बाद २४. पुढे ऋषभ पंत आणि हार्दिक पंड्या प्रत्येकी ३२ काढून परतले. मग रवींद्र जडेजाने ५९ चेंडूंत ७७ आणि महेंद्रसिंह धोनीने ५० धावा करत ११६ धावांची भागीदारी केली आणि सामना जवळजवळ खेचून आणला. गप्टिलच्या फेकीवर धोनी धावबाद झाला आणि डाव २२१वर संपला.

या डावावर तीन आक्षेप घेतले गेले. पहिला, वरचे तिघे एकेका धावेत गेले. दुसरा, चौथ्या क्रमांकावर भरवशाचा फलंदाज नव्हता. तिसरा, धोनीला सातव्या क्रमांकावर का पाठवले?

पहिला आक्षेप घेऊ. याच रोहितने याच स्पर्धेत पाच शतके ठोकली होती, जो विश्वचषकातला विक्रम आहे, आणि एकूण ६४८ धावा केल्या होत्या. विराटनेही पाच अर्धशतके केली होती. त्या वेळी प्रशिक्षक तोच होता आणि सरावही तोच. पाच शतकांचे श्रेय प्रशिक्षकाला द्यायचे नसेल, तर त्या एका धावेचा दोष त्याला कसा देता येईल? द्यायचे तर दोन्ही द्या, नाहीतर दोन्ही काढून घ्या. मॅट हेन्री आणि ट्रेंट बोल्ट यांनी ढगाळ हवेत नवा चेंडू अप्रतिम टाकला, ही गोष्टही हिशेबात धरायला हवी. समोरचा संघही काही करतो, हे पराभवाच्या पंचनाम्यात आपण हटकून विसरतो.

दुसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तोच फलंदाजी प्रशिक्षकाला सर्वांत कमी लागू पडतो. २०१५ आणि २०१९ या दोन विश्वचषकांच्या मधल्या काळात चौथ्या क्रमांकावर दहाहून अधिक फलंदाज खेळवून पाहिले गेले. ऑक्टोबर २०१८मध्ये कर्णधाराने या जागेसाठी अंबाती रायुडूवर विश्वास व्यक्त केला. एप्रिल २०१९मध्ये संघ जाहीर झाला तेव्हा रायुडू त्यात नव्हता, त्याच्या जागी विजय शंकर होता. शंकर स्पर्धेत जायबंदी झाला. स्पर्धा चालू असतानाही या जागेवरची माणसे बदलत राहिली. संघ निवडते ती निवड समिती, अकरा जण ठरवतात कर्णधार आणि मुख्य प्रशिक्षक. फलंदाजी प्रशिक्षकाचे तिथे एक मत असते.

तिसरा आक्षेप धोनीच्या क्रमांकाचा. हा निर्णय आपल्या एकट्याचा नव्हता, असे बांगर यांनी नंतर सांगितले. ते खरे मानायला हरकत नाही, कारण धोनीसारख्या माणसाला कितव्या क्रमांकावर पाठवायचे हे एखादा साहाय्यक परस्पर ठरवील, असे भारतीय ड्रेसिंग रूम ओळखणारा कोणीही म्हणणार नाही.

राहुरीच्या वाफ्यांतला धडा

येथे मला माझ्या गावातल्या एका रीतीचा आधार घ्यावासा वाटतो. राहुरीत महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. त्याच्या प्रक्षेत्रावरून जाताना आखीव वाफे आणि त्यांवर खोचलेल्या छोट्या पाट्या दिसतात. नवा वाण चांगला की वाईट हे तिथे कोणी एका शेतातले पीक बघून सांगत नाही. नवा वाण लावतात, त्याच्या शेजारी शेतकऱ्याच्या ओळखीचा जुना वाण लावतात. उसाच्या बाबतीत तो बहुधा को ८६०३२ असतो. कोणत्या वाफ्यात कोणता वाण हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवतात, म्हणजे चांगली जमीन एकाच्याच वाट्याला येत नाही. आणि हे सगळे अनेक वाफ्यांत पुन्हा पुन्हा करतात. पाऊस, जमीन, पाणी दोघांना सारखे मिळाले आणि तरीही फरक पडला, तरच तो फरक वाणाचा.

या रीतीचे शास्त्र आपल्याकडे रुजवणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे नाव मोठे आहे. वि. गो. पानसे आणि सुखात्मे यांचा शेतीच्या संशोधकांसाठी लिहिलेला संख्याशास्त्राचा इंग्रजी ग्रंथ १९५४मध्ये निघाला आणि कृषी शिक्षण घेणाऱ्यांच्या पिढ्या त्यावर वाढल्या. मी कृषी पदवीधर नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेली त्याची प्रत चाळत जेवढे समजले तेवढेच माझे शिक्षण. पण त्यातली मूळ गोष्ट कोणालाही कळेल अशी आहे. शेजारी जुना वाण नसेल, तर नव्या वाणाला शिव्याही देऊ नयेत आणि शाबासकीही.

प्रशिक्षकाच्या बाबतीत असा शेजारचा वाफा कुठून आणायचा? नेदरलँड्समधले अर्थशास्त्रज्ञ बास तेर वील यांनी तो शोधून काढला. त्यांनी तिथल्या पायाने खेळायच्या फुटबॉलच्या सर्वोच्च साखळीतले १९८६ ते २००४ या काळातले हंगाम तपासले. हंगामाच्या मध्यात संघ घसरला आणि प्रशिक्षक काढला, असे संघ एका बाजूला ठेवले. तेवढेच घसरले पण प्रशिक्षक काढला नाही, असे संघ दुसऱ्या बाजूला ठेवले. प्रशिक्षक काढलेले संघ पुढे सुधारले, हे खरेच निघाले. पण न काढलेले संघही जवळजवळ तेवढेच सुधारले. हाच तो शेजारचा वाफा.

असे का व्हावे? याचे उत्तर फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६मध्ये माणसांच्या उंचीवरून दिले होते. फार उंच आई-बापांची मुले सरासरीपेक्षा उंच असतात, पण बहुधा आई-बापांइतकी नसतात. ज्या गोष्टीत थोडा गुण आणि थोडा योगायोग असतो, तिथे टोकाच्या निकालानंतर येणारा निकाल सरासरीकडे सरकतो. संघ टोकाचा वाईट खेळतो तेव्हाच प्रशिक्षक जातो. म्हणजे नवा माणूस येतो तो नेमका अशा वेळी, जेव्हा त्याने काहीही केले नाही तरी गाडी थोडी वर येणारच असते. आमच्याकडे ताप उतरायला लागल्यावर ज्याने अंगारा दिला त्याला गुण लागतो, त्यातलाच हा प्रकार.

दोन अमेरिकन साक्षीदार

एवढ्यावरून आक्रमण-प्रशिक्षक कधीच दोषी नसतो असे मात्र म्हणता येत नाही. अमेरिकेतली दोन उदाहरणे एकमेकांसमोर ठेवली की हे स्पष्ट होते.

पिट्सबर्ग स्टीलर्स या संघाने २१ नोव्हेंबर २०२३ रोजी आपले आक्रमण-प्रशिक्षक मॅट कॅनडा यांना हंगामाच्या मध्येच काढले. त्यांच्या कारकिर्दीत संघाने एकाही सामन्यात ४०० यार्डांचा पल्ला गाठला नव्हता. ते गेल्यावर पहिल्याच सामन्यात संघाने ४२१ यार्ड मिळवले आणि सामना जिंकला. लोक म्हणाले, पाहा, दोष कोणाचा होता ते! त्यानंतर तोच संघ लागोपाठ तीन सामने हरला. त्यांतले पहिले दोन तर अशा संघांविरुद्ध, ज्यांनी तोवर प्रत्येकी दोनच सामने जिंकले होते. मधल्या काळात मुख्य खेळाडू जखमी झाला, हेही खरे. म्हणजे पुन्हा एकदा एका सामन्यावरून निकाल लावता येत नाही, हेच ठरले.

दुसरा साक्षीदार उलट बोलतो. बाल्टिमोर रेव्हन्सने १० डिसेंबर २०१२ रोजी कॅम कॅमेरॉन यांना काढून जिम कॉल्डवेल यांच्याकडे आक्रमण सोपवले. संघाने तोवर नऊ सामने जिंकले होते आणि चार गमावले होते. बदलानंतरचा पहिला सामना संघ सपाटून हरला. पण फेब्रुवारी २०१३मध्ये त्याच संघाने सुपर बोल हा अंतिम सामना ३४-३१ असा जिंकला. पहिल्या सामन्यावरून निकाल लावणाऱ्यांनी स्टीलर्सचा निर्णय अचूक आणि रेव्हन्सचा मूर्खपणाचा ठरवला असता. दोन्ही ठिकाणी पुढच्या सामन्यांनी त्यांना खोटे पाडले.

त्याच खुर्चीचा इतिहास

आता पुन्हा आपल्या संघाकडे. बांगर यांच्या खुर्चीचा मागचा आणि पुढचा इतिहास पाहिला की हा खेळ किती आंधळेपणाने चालतो ते दिसते.

२०१४च्या उन्हाळ्यात भारत इंग्लंडमध्ये पाच कसोटींची मालिका १-३ अशी हरला. शेवटच्या तीन कसोटींतले काही डाव पाहा : साउदम्प्टनला दुसरा डाव १७८, ओल्ड ट्रॅफर्डला १५२ आणि १६१, ओव्हलला १४८ आणि ९४. विराटने दहा डावांत मिळून १३४ धावा केल्या. कोसळली होती ती फलंदाजी. शिक्षा कोणाला झाली? गोलंदाजीचे प्रशिक्षक जो डॉज आणि क्षेत्ररक्षणाचे प्रशिक्षक ट्रेव्हर पेनी यांना विश्रांतीच्या नावाखाली घरी पाठवले गेले. स्लिपमधले झेल सुटले होते, हे मान्य. पण ९४ धावांत बाद होण्याशी त्याचा संबंध नव्हता. मुख्य प्रशिक्षक डंकन फ्लेचर राहिले. रवी शास्त्री संचालक म्हणून आले आणि त्यांच्याबरोबर साहाय्यक म्हणून जे आले, त्यांत होते संजय बांगर. म्हणजे ज्या दाराने पाच वर्षांनी ते बाहेर गेले, त्याच दाराने ते आत आले होते.

पुढचा इतिहास आणखी बोलका आहे. १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेडला भारताचा कसोटी डाव ३६ धावांत आटोपला. आपल्या कसोटी इतिहासातली ही नीचांकी धावसंख्या. फलंदाजीचे प्रशिक्षक विक्रम राठोड होते. २०१९चा न्याय लावला असता तर त्यांनी त्याच रात्री बोऱ्याबिस्तरा गुंडाळायला हवा होता. तसे झाले नाही, कारण मालिका चालू होती. विराट रजेवर परतला, कर्णधारपद आमच्या जिल्ह्यातल्या संगमनेर तालुक्याशी नाते सांगणाऱ्या अजिंक्य रहाणेकडे आले. त्याने मेलबर्नला ११२ धावा केल्या, भारत जिंकला. बरोबर एक महिन्याने, १९ जानेवारी २०२१ रोजी, ब्रिस्बेनला ३२८ धावांचे लक्ष्य गाठून भारताने मालिका २-१ अशी खिशात घातली. प्रशिक्षक तोच. महिनाभरात तो ना अडाणी होता ना जादूगार झाला.

चौथ्या क्रमांकाचे काय झाले? २०२३च्या विश्वचषकात त्या जागेवर मुंबईचा श्रेयस अय्यर खेळला आणि त्याने ५३० धावा केल्या. श्रेयसने भारताकडून एकदिवसीय पदार्पण डिसेंबर २०१७मध्येच केले होते. २०१९च्या संघात तो नव्हता. प्रश्न सुटला तो मुख्यतः योग्य माणूस योग्य जागी बसवून आणि त्याला तिथे राहू देऊन. म्हणजे दुखणे निवडीत होते आणि औषध दिले गेले फलंदाजीच्या सरावाला.

न्यायाधीश कोण होते?

२०१९मध्ये साहाय्यक प्रशिक्षक निवडण्याचे काम कोणाकडे होते, हेही पाहिले पाहिजे. मुख्य प्रशिक्षक कपिल देव, अंशुमन गायकवाड आणि शांता रंगास्वामी यांच्या सल्लागार समितीने निवडला. साहाय्यक मात्र एम. एस. के. प्रसाद यांच्या अध्यक्षतेखालच्या निवड समितीने निवडले. त्याच समितीने विश्वचषकाचा संघ निवडला होता. रायुडूला वगळण्याचा आणि विजय शंकरला घेण्याचा निर्णय तिचा होता. ज्या समितीच्या निर्णयाची तपासणी व्हायला हवी होती, तीच तपासणी अधिकारी होती. या माणसांनी मुद्दाम अन्याय केला असे मी म्हणत नाही. त्यांचा हेतू शुद्ध असेलही. पण ज्याच्या हातात तराजू आहे त्याचाच माल तोलायचा असेल, तर काटा कुठे झुकेल हे सांगायला बाजार समितीतला हमालही पुरेसा आहे.

खरे आरोपपत्र

मग बांगर निर्दोष होते का? मला तसेही वाटत नाही. त्यांच्या कामावर आरोपपत्र ठेवता आले असते, पण त्यासाठी २०१८ सालाकडे पाहावे लागले असते. त्या वर्षी जानेवारीत केपटाउनला २०८ धावांचे लक्ष्य होते, भारत १३५वर बाद. ऑगस्टमध्ये एजबॅस्टनला १९४चे लक्ष्य, १६२वर बाद. त्यानंतर साउदम्प्टनला २४५चे लक्ष्य, १८४वर बाद. मधे लॉर्ड्सला १०७ आणि १३०. एका वर्षात चौथ्या डावातले तीन पाठलाग हातातोंडाशी येऊन निसटले. हा एका सकाळचा अपघात नव्हता. पुन्हा पुन्हा दिसणारी गोष्ट होती. परदेशात, हलत्या चेंडूवर, छोट्या लक्ष्याचा पाठलाग कसा करायचा याची तयारी कमी पडत होती का, असा प्रश्न फलंदाजी प्रशिक्षकाला तेव्हा विचारणे पूर्णपणे रास्त होते. तयारी हे त्याचेच काम.

जमेच्या बाजूलाही नोंदी आहेत. २०१४मध्ये १३४ धावा करणाऱ्या विराटने २०१८मध्ये इंग्लंडमध्येच ५९३ धावा केल्या. याचे श्रेय एकट्या बांगर यांना देता येत नाही. विराटने स्वतः सचिन तेंडुलकर आणि शास्त्री यांच्या सल्ल्याचा उल्लेख केला आहे. तरी नेटमध्ये रोज चेंडू टाकून घेणारा माणूस कोण होता, हे विसरता येत नाही. २०१८-१९मध्ये भारताने ऑस्ट्रेलियात प्रथमच कसोटी मालिका जिंकली, त्यात चेतेश्वर पुजाराच्या ५२१ धावा होत्या. अशी वही दोन्ही बाजूंनी भरून, पाच वर्षांची बेरीज-वजाबाकी करून बांगर यांना निरोप दिला असता, तर त्याबद्दल कोणाला फार बोलता आले नसते. प्रत्यक्षात वही उघडलीच नाही. एका डावातल्या पहिल्या पाऊण तासावर निकाल लागला.

माझे उत्तर असे : त्या उपांत्य सामन्याच्या पराभवात फलंदाजी प्रशिक्षकाचा वाटा लहान होता. मोठा वाटा चार वर्षे चौथी जागा रिकामी ठेवणाऱ्या निवडीचा, त्यानंतर त्या सकाळच्या फलंदाजीक्रमाचा, आणि या सगळ्याबरोबर न्यूझीलंडच्या उत्तम गोलंदाजीचा.

असेच चक्र २०२४-२५मध्ये पुन्हा फिरले. मायदेशी न्यूझीलंडविरुद्ध ०-३, त्यात बंगळुरूला ४६ धावांत डाव गडगडला; मग ऑस्ट्रेलियात १-३. साहाय्यक प्रशिक्षक, मुंबईचा माजी अष्टपैलू अभिषेक नायर, एप्रिल २०२५मध्ये पदावरून गेला. नेमणुकीला वर्षही झाले नव्हते, आणि मार्चमध्ये याच संघाने चॅम्पियन्स करंडक जिंकला होता. आठ-नऊ महिन्यांत फलंदाजाच्या तंत्रात काय बदलते? नव्या उसाची लागणसुद्धा तेवढ्या वेळात तोडीला येत नाही.

हा प्रश्न मैदानापुरता नाही

क्रिकेटमधल्या एका नेमणुकीवर एवढी शाई का खर्च करावी, असे काही वाचकांना वाटेल. माझे कारण मैदानाबाहेरचे आहे. आमचा भाग साखर कारखान्यांचा. उसातून किती टक्के साखर निघाली त्याला उतारा म्हणतात, आणि कोणत्याही कारखान्याचा उतारा घसरला की पहिली नजर चीफ केमिस्टकडे जाते. पण ऊस तोडून किती वेळ फडात पडला, वाहतूक किती लांबली, जळिताचा ऊस किती आला, यावर केमिस्टचे काही चालत नाही. चांगल्या कारखान्यात म्हणूनच हिशेब वेगळे ठेवतात. गव्हाणीत पडताना उसात साखर किती होती, बगॅसबरोबर किती गेली, मळीतून किती गेली, पोत्यात किती आली. उसातच साखर कमी असेल तर ते ऊसविकास आणि तोडणीचे अपयश. बगॅसमधून जास्त गेली तर गिरणीचे. मळीतून जास्त गेली तर केमिस्टला जाब विचारा, आणि कडक विचारा. प्रयोगशाळेच्या वहीत हे आकडे रोज लिहिले जातात. प्रश्न फक्त एवढाच असतो की पंचवार्षिक निवडणुकीच्या तोंडावर ती वही कोणी उघडतो का.

शाळेचा दहावीचा निकाल घसरला की तासिका तत्त्वावरचा गणिताचा शिक्षक जातो. त्याला वर्ग जूनमध्ये मिळाला होता की ऑक्टोबरमध्ये, मुले आठवीतून येताना अपूर्णांक शिकून आली होती की नाही, हे कोणी विचारत नाही. तो जातो, कारण त्याला घालवणे सोपे असते. पुढच्या वर्षी निकाल दोन टक्क्यांनी वर येतो, सत्कार होतो, आणि आठवीतले अपूर्णांक तसेच राहतात.

चुकीच्या माणसाला दोष देण्यात त्या माणसाचे नुकसान होतेच. त्याच्या पोटावर पाय येतो, नावाला डाग लागतो. पण मोठे नुकसान संस्थेचे होते. कोणी तरी गेला म्हणजे काही तरी केले, असे समाधान मिळते आणि खरा बिघाड मागे सुखरूप राहतो. भारतीय संघात चौथ्या क्रमांकाची जागा अशीच राहिली. म्हणून कोणाला जबाबदार धरू नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. जबाबदार जरूर धरावे. त्याआधी चार प्रश्न विचारावेत : त्याच्या हातात नेमके काय होते? त्याच्या जागी दुसरा असता तर काय झाले असते? आपण किती दिवसांचा हिशेब पाहतो आहोत? आणि निकाल देणाऱ्याचे स्वतःचे हात या कामात गुंतलेले आहेत का?

संजय बांगर खेळाडू म्हणून आठवतात ते ऑगस्ट २००२मधल्या लीड्सच्या कसोटीसाठी. ढगाळ हवेत, हलत्या चेंडूवर सलामीला येऊन त्यांनी २३६ चेंडूंत ६८ धावा केल्या आणि राहुल द्रविडबरोबर १७० धावांची भागीदारी केली. पुढे द्रविड, सचिन आणि सौरव गांगुली या तिघांची शतके झाली, भारताने ८ बाद ६२८वर डाव घोषित केला आणि सामना एक डाव व ४६ धावांनी जिंकला. त्या ६८ धावांची किंमत धावफलकावर कळत नाही. नवा चेंडू जुना होईपर्यंत किती तास गेले हे पाहिले तर कळते. साहाय्यकाचे कामही असेच असते. ते मोजायचे असेल तर धावफलकाच्या मागची वही मागवावी लागते.